पेन्सिलीची नोंद आणि शाईची नोंद : बंद न झालेल्या लॉग फाइलचा प्रश्न आणि शहापूर-मुरबाडमधील फेरफार नोंदवही

प्रस्तावना

संगणकाच्या आज्ञावलीत, म्हणजे प्रोग्रॅममध्ये, जे जे घडते त्याची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या फाइलला 'लॉग' असे म्हणतात. हा शब्द जहाजावरून आलेला आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधून पाण्यात सोडलेले लाकूड म्हणजे लॉग आणि त्याची मापे ज्या वहीत उतरवली जात ती लॉगबुक. मराठी दप्तरपरंपरेत यास जवळचा शब्द शोधावयाचा झाल्यास तो 'रोजकीर्द' हा होय. दोहोंचा स्वभाव एकच. जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहावयाचे, मागील ओळ खोडावयाची नाही, चूक झाल्यास दुरुस्तीची नवी ओळ लिहावयाची.

उघडलेली फाइल काम संपताच बंद करावी हे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकविले जाते. तरीही लॉग फाइल बंद न होणे हा प्रत्यक्ष व्यवहारातील नित्याचा दोष आहे आणि तो तंत्रज्ञांचा किरकोळ प्रश्न समजून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखात या दोषाकडे इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले आहे. नोंद लिहिणे आणि नोंद पूर्ण करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, ही जाणीव महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. मात्र नोंद अपुरी राहिल्यास तिचे पुढे काय करावे आणि त्याची झळ कोणी सोसावी, या प्रश्नाचे उत्तर संगणकाने एक दिले आणि गावच्या दप्तराने दुसरे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत हा फरक जमिनीच्या मालकीपर्यंत जाऊन भिडतो, म्हणून विवेचनासाठी हे क्षेत्र निवडले आहे.

आज्ञावलीतील दोषाचे स्वरूप

आज्ञावलीने 'लिही' अशी सूचना दिली की मजकूर तत्काळ तबकडीवर जातो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. तबकडीवर लिहिणे हे संगणकाच्या दृष्टीने मंदगती काम असल्याने मजकूर आधी स्मृतीतील एका तात्पुरत्या जागेत, बफरमध्ये, साठविला जातो. बफर भरला किंवा फाइल रीतसर बंद झाली की तो कार्यप्रणालीच्या हाती जातो. कार्यप्रणालीही तो आपल्या स्मृतीत काही काळ ठेवून मग तबकडीवर उतरविते. 'सी' भाषेत यांतील पहिला टप्पा पूर्ण करण्यासाठी 'एफफ्लश' आणि युनिक्स परंपरेतील यंत्रणांवर दुसऱ्यासाठी 'एफसिंक' अशा वेगळ्या सूचना आहेत. म्हणजेच लिहिण्याची सूचना यशस्वी झाली याचा अर्थ मजकूर स्वीकारला गेला, एवढाच. तो टिकला असा नव्हे.

आज्ञावली व्यवस्थित संपली तर उघड्या फाइली आपोआप बंद होतात व बफरमधील मजकूर पुढे सरकतो. परंतु ती मध्येच कोसळली किंवा बाहेरून सक्तीने थांबविली गेली, तर बफरमध्ये राहिलेल्या ओळी नाहीशा होतात. यातील विपर्यास असा की, नाहीशा होणाऱ्या ओळी नेमक्या कोसळण्याच्या लगतच्या, म्हणजे दोष शोधण्यासाठी सर्वाधिक गरजेच्या असतात.

बंद न झालेल्या फाइलीची इतर लक्षणेही परिचित आहेत. विंडोजवर ती फाइल हलवू किंवा पुसू गेल्यास ती दुसऱ्या प्रक्रियेच्या वापरात असल्याचा निरोप येतो. लिनक्सवर फाइल पुसता येते. पण जोवर कोणतीतरी प्रक्रिया ती उघडी धरून आहे तोवर तिची जागा मोकळी होत नाही. यादीत फाइल दिसत नाही आणि तबकडी मात्र भरलेली, असा हा प्रकार. प्रत्येक वेळी नवी फाइल उघडून जुनी बंद न करणारी आज्ञावली काही काळाने उघड्या फाइलींच्या मर्यादेला धडकते. अनेक लिनक्स यंत्रणांवर ही मर्यादा प्रारंभी १०२४ ठेवलेली असते. त्यानंतर तिला लॉगच काय, दुसरी कोणतीही फाइल उघडता येत नाही.

निदानाची रीतही ठरलेली आहे. प्रथम फाइल कोणी धरून ठेवली आहे ते पाहावे. त्यासाठी युनिक्स परंपरेत 'एलएसओएफ' हे साधन आहे. नंतर आज्ञावलीतील बाहेर पडण्याच्या सर्व वाटा तपासाव्यात, कारण दोष बहुधा सरळ वाटेवर नसतो. मध्येच अडचण उद्भवली आणि आज्ञावली आडवाटेने बाहेर पडली की बंद करण्याची ओळ ओलांडली जाते. या अनुभवातूनच पुढील भाषांनी बंद करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याच्या स्मरणावर न सोडता रचनेतच गुंफली. पायथॉनमधील २००६ चे 'विथ' विधान किंवा जावाच्या सातव्या आवृत्तीत २०११ मध्ये आलेली तत्सम सोय ही त्याची उदाहरणे होत.

याहून मूलभूत विचार माहितीसंचांच्या क्षेत्रात झाला. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात 'सिस्टिम आर' हा प्रकल्प चालला. त्या काळात व्यवहार आधी लॉगमध्ये लिहावा आणि मग मूळ नोंदीत बदल करावा हे तत्त्व घडत गेले. व्यवहार पूर्ण झाल्याची खूण लॉगमध्ये स्वतंत्रपणे करावयाची असते. यंत्रणा कोसळून पुन्हा सुरू झाली की लॉग वाचला जातो. पूर्णत्वाची खूण असलेले व्यवहार कायम होतात, ती नसलेले रद्द होतात. सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एरीज' पद्धतीत आधी लॉगमधील सर्व घटना पुन्हा घडवून आणल्या जातात आणि त्यानंतर अपुरे व्यवहार मागे घेतले जातात. पहिल्या टप्प्याला त्यांनी इतिहासाची पुनरावृत्ती अशा अर्थाचे नाव दिले आहे. इतिहासाच्या प्राध्यापकाला या नावाचा हेवा वाटावा!

लेखनसीमा

लेखन कोठे संपले हे दाखविण्याची गरज आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती. मुरबाड तालुक्यातून चढून जावयाच्या नाणेघाटात सातवाहनकालीन यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे दगडात कोरलेले आहेत. दगडात भर घालणे अवघड, त्यामुळे तेथे वेगळ्या खुणेची निकड नव्हती. कागद आला आणि प्रश्न उपस्थित झाला. शिवकालीन पत्रांत आरंभी राजमुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हा लहान शिक्का आढळतो. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही जोडल्यास ते अस्सल मानू नये, हा त्याचा अर्थ. अनेक कागद जोडून केलेल्या लांब पत्राच्या सांध्यावरही शिक्के मारले जात. 'लेखनसीमा' आणि 'मोर्तब' हे शब्द याच व्यवहारातले असून 'शिक्कामोर्तब होणे' हा वाक्प्रचार आजही एखादी गोष्ट पक्की झाली या अर्थानेच वापरला जातो.

पेशवे दप्तरातील रोजकीर्दींचे महत्त्व गणेश चिमणाजी वाड यांनी निवडून काढलेल्या उताऱ्यांमुळे अभ्यासकांना ठाऊकच आहे. जुने दप्तर केवळ अभ्यासाचे साधन राहिले नाही, हे मात्र अनेकदा विसरले जाते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांच्या हक्कांची छाननी करण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा दप्तरातील नोंद सापडणे वा न सापडणे यावर कित्येक घराण्यांचे उत्पन्न अवलंबून राहिले. लिहिणाऱ्या कारकुनाची कुचराई पिढ्यांनंतर इनामदाराच्या अंगावर आली.

गाव नमुना सहा

मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा १९०३ मध्ये झाला. १९१३ मध्ये या तरतुदी १८७९ च्या जमीन महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. त्याआधीच्या सर्वेक्षणाने जमिनीचा आकार व सारा भरणारा निश्चित केला होता. पण जमिनीतील हक्क सतत हात बदलतात, वारसा, विक्री, गहाण, वाटणी होते. या हालचालीची क्रमवार नोंद ठेवणारी वही म्हणजे फेरफार नोंदवही, गाव नमुना सहा. आज घरोघरी परिचित असलेला सातबारा हा वस्तुतः या वहीचा परिपाक आहे. संगणकाच्या भाषेत सांगावयाचे तर नमुना सहा हा लॉग आणि सातबारा ही त्यावरून तयार झालेली सद्यःस्थिती.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४९ व १५० नुसार या नोंदीचा प्रवास ठरलेला आहे. हक्क मिळालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे, तलाठ्याने तत्काळ लेखी पोच द्यावी. नोंद फेरफार नोंदवहीत लिहून तिची प्रत चावडीवर लावावी, हितसंबंधितांना सूचना द्यावी. सूचना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत हरकत आल्यास ते प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या वहीत जाते. शेवटी अव्वल कारकुनाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने, व्यवहारात बहुधा मंडल अधिकाऱ्याने, नोंद तपासून प्रमाणित करावी. कलम १५७ ने सत्यतेचे गृहीतक फेरफार नोंदवहीतील सरसकट सर्व ओळींना दिलेले नाही. ते प्रमाणित नोंदीलाच दिले आहे. लिहिलेली आणि प्रमाणित न झालेली नोंद म्हणजे कायद्याच्या लेखी बफरमधील मजकूर होय.

याची दृश्य खूण तलाठ्याच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या होती. फेरफार लिहिला की त्याचा क्रमांक सातबाऱ्यावर पेन्सिलीने टाकावयाचा आणि प्रमाणित झाल्यावर शाईने पक्का करावयाचा, अशी पद्धत होती. कमी झालेल्या नावाला कंस करावयाचा. नाव पुसावयाचे नाही. पेन्सिल आणि शाई यांच्या या साध्या भेदातून दप्तराने एक सूक्ष्म तत्त्व सांभाळले होते. वाचणाऱ्याला कोणती ओळ कच्ची व कोणती पक्की हे एका दृष्टिक्षेपात कळत असे. आजच्या कितीतरी लॉग फाइलींना हे साधत नाही.

शहापूर आणि मुरबाडचा संदर्भ

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण व डोंगराळ भाग मुख्यतः या दोन तालुक्यांत आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांची वस्ती, वनजमिनींचे मोठे प्रमाण आणि मुंबईला पाणी पुरविणारी तानसा व भातसा ही धरणे यांमुळे येथील जमिनीच्या नोंदीवर एकाच वेळी अनेक कायद्यांचे थर चढले आहेत.

पहिला थर कूळकायद्याचा. १९४८ च्या कायद्यातील तरतुदीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाल्याचे मानण्यात आले. पण हा व्यवहारही एका नोंदीने संपत नव्हता. कलम ३२-ग प्रमाणे किंमत निश्चित व्हावी, ती भरली जावी, ३२-म चे प्रमाणपत्र मिळावे आणि मग फेरफार होऊन मालकाच्या रकान्यात नाव यावे, असा तो लांबचा रस्ता होता. कोठेतरी तो तुटला की कुळाचे नाव 'इतर हक्क' या रकान्यातच राहते. कायद्याने मालक झालेला माणूस दप्तराच्या दृष्टीने दुसऱ्याच्या जमिनीवरील कूळ ठरतो.

दुसरा थर आदिवासींच्या जमिनींचा. १९७४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यास पूर्वपरवानगी लागते. त्याच वर्षीच्या जमीन परत करण्याबाबतच्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे तपासण्याचा मार्ग मोकळा केला. कोणते हस्तांतरण या काळातले, हे ठरविण्याचा मुख्य आधार पुन्हा फेरफाराची तारीख हाच. व्यवहाराची तारीख एक, नोंदीची दुसरी आणि प्रमाणित झाल्याची तिसरी असेल, किंवा तिसरा रकाना कोराच असेल, तर दावा कशाच्या बळावर उभा राहणार?

तिसरा प्रकार सर्वांत सामान्य आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. आजोबा वारले, वारसनोंद झाली नाही; एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे नाव लागले, धाकट्यांची नावे आलीच नाहीत; सोसायटीचे कर्ज फिटले, पण बोजा कमी केल्याचा फेरफार झाला नाही. या सर्व उघड्या राहिलेल्या नोंदी आहेत. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी राज्य शासनाला २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' ही मोहीम हाती घ्यावी लागली, यावरून त्यांच्या व्याप्तीची कल्पना यावी.

अशी नोंद वर्षानुवर्षे कोणाला बोचत नाही. भाताचे शेत आहे, घरातलीच माणसे लावणी करतात, दप्तरात कोणाचे नाव आहे याने पिकात फरक पडत नाही. ती बोचते जमीन संपादनाच्या वेळी. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. अशा प्रकल्पात मोबदल्याचा पहिला विचार सातबाऱ्यावरील नावावरून होतो. ज्याचे नाव पेन्सिलीतच राहिले त्याला मग हक्क शाबीत करण्यासाठी तहसील, प्रांत आणि न्यायालय यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आज्ञावलीत शेवटच्या ओळी नाहीशा होतात त्या कोसळण्याच्या क्षणी. जमिनीच्या दप्तरात अपुरी ओळ उघडकीस येते ती जमीन जाण्याच्या क्षणी.

दप्तर संगणकावर आले तेव्हा

भूमि अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली, २००८ मध्ये तिला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप मिळाले. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारे संगणकात भरले गेले, हस्तलिखिते देणे बंद झाले आणि पुढे ई-फेरफार प्रणाली आली. या प्रणालीत दुय्यम निबंधकाकडील नोंदणीकृत दस्ताची माहिती थेट तलाठ्याकडे येते, नोटीस यंत्रातूनच निघते आणि मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर सातबारा बदलतो. नोंद व तिची पूर्तता एकाच रचनेत बांधली गेली, हा मोठा लाभ होय. १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ही तर एका अर्थाने नवी लेखनसीमाच आहे.

अडचण निर्माण झाली ती संक्रमणात. माहिती भरली गेली ती मुख्यतः सातबाऱ्यावरून. त्यामागील नमुना सहाची प्रत्येक ओळ पडताळून नव्हे. म्हणजे लॉग बाजूला राहिला आणि त्या दिवशीची स्थिती तेवढी उचलली गेली. कागदावर पेन्सिल आणि शाई वेगळी दिसत होती. कळफलकावरून भरताना दोन्हीची अक्षरे एकसारखी झाली. भरणाऱ्याने पेन्सिलीचा क्रमांक घेतला तर कच्ची नोंद पक्की भासू लागली. सोडून दिला तर हक्कदाराच्या अर्जाचा मागमूस राहिला नाही. हस्तलिखित व संगणकीय उताऱ्यांतील तफावत दूर करण्यासाठी २०१७ च्या सुमारास गावोगावी चावडी वाचन झाले, कलम १५५ खाली लेखनप्रमादांच्या दुरुस्तीचे आदेश निघाले. चावडी वाचन ही कल्पना जुनीच आणि प्रस्तुत लेखकाच्या मते आजही सर्वांत विश्वासार्ह पडताळणी आहे, कारण ती यंत्राची नोंद माणसांच्या स्मृतीशी ताडून पाहते. तिच्या मर्यादा मात्र उघड आहेत. वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब वाचनाच्या दिवशी चावडीत हजर असेलच असे नाही.

येथे दोन परंपरांतील मूळ भेद समोर येतो. माहितीसंच अपुरा व्यवहार रद्द करतो आणि ते योग्यच आहे. कारण तेथे सूचना देणाऱ्याला नकार कळतो, तो व्यवहार पुन्हा करू शकतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या अप्रमाणित फेरफाराला हा नियम लावला तर काय होईल? अर्ज देणारा हयात नाही, पोच घरातल्या पत्र्याच्या पेटीत कुजून गेली, साक्षीदार उरले नाहीत. शिवाय नोंद बंद करण्याचे कर्तव्य त्याचे नव्हतेच. कायद्याने त्याच्याकडे कळविण्याचे काम दिले होते. पुढील सर्व पायऱ्या दप्तराच्या होत्या. फाइल बंद न करणारा एक आणि मजकूर गमावणारा दुसरा, अशी ही स्थिती आहे. प्रमाणित नसलेली नोंद पुराव्याअभावी निकाली काढणे हे कायद्याच्या शब्दाला धरून असले तरी त्याने दप्तराच्या चुकीची किंमत खातेदाराकडून वसूल होते.

याउलट उदाहरणही आपल्याच कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी दाव्याच्या पुराव्यांत गावातील ज्येष्ठांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन स्वीकारले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसली जात होती हे सिद्ध करताना लेखी नोंद अपुरी असणार, हे येथे गृहीत धरले गेले. कारण नोंद ठेवणारे आणि जमीन कसणारे यांच्यातील अंतर नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. महसुली फेरफारांच्या बाबतीत तेवढी समज अद्याप दाखविली गेलेली नाही.

यासाठी अगोदर उघड्या नोंदी किती आणि कोणत्या हे कळावयास हवे. तालुक्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व संगणकशास्त्र या विभागांनी मिळून एकेका गावाचा नमुना सहा पहिल्या पानापासून वाचावा. प्रमाणित केल्याचा रकाना कोरा असलेली प्रत्येक ओळ वेगळी काढावी आणि तिचे पुढे सातबाऱ्यावर काय झाले ते पाहावे. १९५० पूर्वीच्या पानांसाठी मोडी वाचणारा लागेल. पेन्सिलीचे क्रमांक पुसट झाले असतील तर मूळ कागद उजेडात धरून पाहावा लागेल, छायाप्रतीत ते उमटतीलच असे नाही. शहापूर तालुक्यात हे काम महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या गावांपासून सुरू करावे, कारण तेथील जमिनींचे व्यवहार वाढत आहेत आणि प्रत्येक नव्या फेरफाराबरोबर जुनी कोरी ओळ आणखी काही पाने मागे पडत आहे.